कानातला मळ कोणी काढावा?

बहिरेपणाला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारचा एक राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू आहे. आपल्याकडे लोकांना कमी का ऐकू येतं, याची कारणं त्या कार्यक्रमाच्या कागदपत्रांत टक्केवारीनिशी दिली आहेत. वाढतं वय १०.३ टक्के, वाहता कान ५.२ टक्के, पडद्यामागे साचलेला द्राव ३ टक्के. या सगळ्यांच्या वर, १५.९ टक्क्यांवर, कानातला मळ आहे. म्हणजे सर्वांत जास्त माणसांचं ऐकणं ज्यानं मंदावतं, ते कारण योग्य हातांत पडलं तर अर्ध्या तासात दूर होण्यासारखं आहे. आणि तरीही कितीतरी घरांत ‘आता बाबांना ऐकू येत नाही’ एवढं म्हणून माणसं बोलणंच कमी करतात. बाबांच्या कानात कोणी डोकावून पाहिलेलं नसतं.

डोकावून पाहायचं म्हणजे त्यांना दवाखान्यात न्यायला हवं, आणि अनेक घरांत नेमकं तेच अवघड असतं. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, खुब्याचं हाड मोडलेले, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणारे, स्मृतिभ्रंशामुळे अनोळखी जागी घाबरून जाणारे वृद्ध कानाच्या मळासाठी बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी प्रशिक्षित माणसानं साहित्य घेऊन घरी येणं आणि घरच्या खुर्चीत किंवा खाटेवर कान साफ करून देणं, ही सेवा आता उभी राहते आहे. इंग्लंडमध्ये तो एक रुळलेला व्यवसाय झाला आहे. आपल्या मोठ्या शहरांतही घरपोच आरोग्यसेवा देणाऱ्यांकडे तिची विचारणा होऊ लागली आहे. माझं मत स्पष्ट आहे. ही सेवा थोड्यांनाच लागते, पण त्यांना ती फार लागते. बाकीच्यांनी आपले कान आपल्या आपण साफ होऊ द्यावेत.

कान आपल्या आपण साफ होतो हे अनेकांना खरं वाटत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश हिस्सा हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या कूर्चेच्या भागात असतात. त्यांचा स्राव, तैलग्रंथींचा चिकटपणा, झडलेली त्वचा, बारीक केस आणि बाहेरून आलेली धूळ यांचं मिश्रण म्हणजे मळ. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतूंना व बुरशीला आवर घालतो. त्याचं काम संरक्षणाचं आहे, त्याला घाण म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. शरीरावर इतरत्र त्वचा खालून वर येते आणि जागच्या जागी झडते. कानात ती आडवी प्रवास करते. पडद्याच्या मध्याजवळून निघून ती कडेकडेला सरकते, तिथून नळीच्या भिंतीवर येते आणि भिंतीवरून बाहेरच्या दिशेनं चालू लागते. वेग दिवसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे नखं वाढतात साधारण तेवढा. चावताना आणि बोलताना जबडा हलतो, त्यामुळे नळीचा कूर्चेचा भागही हलतो आणि सुटलेला मळ पुढे ढकलला जातो. शेवटी तो कानाच्या तोंडाशी येतो आणि आंघोळीच्या वेळी टॉवेलच्या टोकानं पुसला जातो. माणसानं करायचं काम एवढंच.

बाहेरची वाट बंद असेल तर काय होतं, हे निळ्या देवमाशात दिसतं. त्याच्या कानाची नळी बाहेरून बंद असते, त्यामुळे मळ जन्मभर थरावर थर साठत जातो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मेलेल्या एका देवमाशाच्या कानातली अशी मळाची गुळी अमेरिकी शास्त्रज्ञांनी थराथरानं तपासली. त्या प्राण्यानं आयुष्यात कधी किती ताण सोसला आणि त्याच्या अंगात कोणती कीटकनाशकं कधी गेली, याचा हिशेब त्यांना तिच्यात सापडला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसाची वाट मात्र उघडी आहे, आणि ती बहुतेक वेळा आपणच बंद करतो.

कापूस लावलेली काडी आत गेली की कडेचा थोडा मळ कापसाला लागतो आणि उरलेला आत ढकलला जातो. कूर्चेच्या भागातला मळ हाडाच्या भागात गेला की तिथून त्याला बाहेर यायला कष्ट पडतात. हाडावरची त्वचा इतकी पातळ असते की नुसत्या ओरखड्यानंही रक्त येतं. त्यातच मळाचा थर गेलेली त्वचा कोरडी पडते, खाजते, आणि खाजते म्हणून माणूस पुन्हा कोरतो. अमेरिकेतल्या एका पाहणीनुसार १९९० ते २०१० या २१ वर्षांत अशा काड्यांनी कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं तिथल्या आपत्कालीन विभागांत आली. म्हणजे रोज सरासरी ३४. काडीच्या डब्यावर कानाच्या नळीत घालू नये अशी सूचना छापलेली असते, पण घरात ती कोणी वाचत नाही. आगपेटीची काडी, केसांची पिन, किल्ली, पेनचं टोपण यांच्यावर तर सूचना छापलेलीही नसते.

कोरण्याची हौस मात्र फार जुनी आहे. हडप्पाच्या उत्खननात तांब्याच्या छोट्या प्रसाधन-साधनांचा जुडगा मिळाला, त्यात टोचणी आणि चिमट्याबरोबर कानकोरणंही होतं. आपल्या आजीच्या पेटीत चांदीच्या कडीत ओवलेलं कानकोरणं आणि दातकोरणं असायचं, ते त्याच परंपरेतलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णगूथ, म्हणजे साचून घट्ट झालेला मळ, स्वतंत्रपणे मोजला आहे. त्यावरच्या उपचाराचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी तेलानं मळ भिजवायचा, शेक द्यायचा आणि मग वैद्यानं शलाकेनं तो काढायचा. भिजवणं आधी, काढणं नंतर, आणि तेही जाणकारानं. आजचा तज्ज्ञही याच क्रमानं जातो.

रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्याकडे हा क्रम उरत नाही. मुंबईत आणि उत्तरेकडच्या शहरांत डोक्याला लाल पागोटं, त्यात खोचलेली सळई आणि कापूस, खांद्याला पिशवी अशी ही माणसं अजून दिसतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा धंदा आहे आणि त्यांच्या हातांत चपळाई असते, हे मान्य केलं पाहिजे. पण एकच सळई दिवसभर एका कानातून दुसऱ्या कानात फिरते. पडदा दिसेल असा प्रकाश नसतो. आत फाटलेला पडदा आहे की बुरशी, हे कळायचा मार्ग नसतो. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका तर असतोच. ज्यांना रोजगार म्हणून हे करावं लागतं त्यांच्याबद्दल राग नाही, पण त्यांच्यापुढे कान धरू नये.

जपानमध्ये कान कोरणं हा घरातल्या मायेचा भाग आहे. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मूल कान साफ करून घेतं, त्यासाठी मिमिकाकी नावाचं बांबूचं कोरणं असतं. तिथल्या आरोग्य मंत्रालयानं २००५ मध्ये एक परिपत्रक काढलं. साधा मळ काढणं हे वैद्यकीय कृत्य नाही, असं त्यात म्हटलं, पण नळी बंद करून बसलेला मळ काढणं त्यातून वगळलं. यानंतर तिथे कान साफ करून देणारी दुकानं वाढली. तिथल्या बहुतेकांचा मळ कोरडा असतो, पापुद्र्यासारखा. नागासाकीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की ओला की कोरडा, हे एबीसीसी११ या एका जनुकातल्या एका अक्षरानं ठरतं. पूर्व आशियात कोरड्याचं प्रमाण फार मोठं, आफ्रिका-युरोपात ओल्याचं, भारतात दोन्ही. चिकट, मधासारख्या मळात कोरणं घातलं तर तो निघण्यापेक्षा दाबला जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून जपानी कोरण्यांचे व्हिडिओ पाहून ती मागवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की साधन त्यांचं असलं तरी कान आपला आहे. मंत्रालयानं आखलेली ती सीमारेषा मात्र घेण्यासारखी आहे. साचलेला, अडकलेला मळ हे वैद्यकीय काम आहे.

मळ अडकतो कोणाचा? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिलेलं प्रमाण असं आहे : लहान मुलांत दहांत एक, प्रौढांत विसांत एक, पण वृद्धांत आणि बौद्धिक विकासात मागे असलेल्यांत तिघांत एकापेक्षाही जास्त. वयाबरोबर ग्रंथी सुकतात, मळ कोरडा आणि कडक होतो, पुरुषांच्या कानातले केस जाड होतात आणि मळ त्यांत गुंततो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानाचं तोंड दिवसभर बंद असतं, आणि यंत्राच्या बारीक छिद्रात मळ गेला की यंत्रच मुकं होतं. दुरुस्तीला गेलेल्या कितीतरी यंत्रांचा दोष एवढाच असतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांची नळी जन्मतः अरुंद असते. कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या कानात जी पोकळी उरते ती स्वतःला साफ करू शकत नाही, तिला ठरावीक काळानं सक्शन, म्हणजे बारीक नळीनं मळ ओढून काढणं, लागतंच.

एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. काल चांगलं ऐकू येत होतं, आज आंघोळ करून आल्यावर कानात दडे बसले. खरं तर मळ महिनोन्‌महिने साचत असतो, पण नळीत केसाएवढी फट जरी उरली तरी आवाज आत जातो. पाणी गेलं की मळ फुगतो, ती फट बुजते आणि ऐकणं एकदम खाली येतं. नळी पूर्ण बंद झाली तर ३५-४० डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो. साधं घरगुती बोलणं पुसट व्हायला तेवढा पुरेसा आहे.

पण इथेच एक धोक्याचं वळण आहे आणि ते लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. अचानक ऐकू येईनासं होण्याचं प्रत्येक कारण मळ नसतं. आतल्या कानाची नस अचानक निकामी होऊ शकते आणि त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात. मळ असेल म्हणून पंधरा दिवस थेंब घालत बसलेल्या माणसाची ती वेळ निघून जाते. घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. तोंड मिटून ‘म्म्म’ असं गुणगुणा. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा घुमला तर अडथळा बहुधा नळीत किंवा पडद्याच्या आसपास आहे. आवाज चांगल्या कानाकडेच गेला तर नसेचा संशय घ्या आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. ही परीक्षा डॉक्टरला पर्याय नाही, पण घाई करायची की नाही हे ठरवायला मदत करते.

आता इंग्लंडकडे वळू. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम भागातल्या डॉक्टरच्या दवाखान्यात परिचारिका करत. धातूची मोठी पिचकारी, कोमट पाणी आणि कानाखाली धरलेलं वाकडं भांडं. २०१८ मध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेनं प्रौढांच्या श्रवणदोषावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हातानं दाबायची पिचकारी वापरू नये असं सांगितलं, कारण तिचा दाब हातावर अवलंबून असतो आणि तो पडदा फोडू शकतो. दाब ठरवून देणारं विजेवरचं यंत्र किंवा मायक्रोसक्शन वापरावं, आणि काम दवाखान्यात किंवा घराजवळच्या सेवेत व्हावं, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात अनेक दवाखान्यांनी ही सेवाच देणं थांबवलं. ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे २३ लाख लोकांना मळासाठी उपचार घ्यावे लागतात, असा अंदाज मांडला जातो. एवढ्या लोकांपैकी अनेकांना खासगी वाट धरावी लागली, आणि ५० ते १०० पौंडांत घरी येऊन कान साफ करणारे उभे राहिले. आरएनआयडी ही श्रवणदोष असणाऱ्यांसाठी काम करणारी संस्था या खर्चाविरुद्ध सातत्यानं आवाज उठवते आहे, आणि तिचं म्हणणं मला पटतं. जे काम सरकारी सेवेत फुकट होत होतं त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला खिशात हात घालावा लागू नये.

तिथल्या आणखी एका त्रुटीपासून आपण शिकण्यासारखं आहे. मळ काढणाऱ्यासाठी म्हणून ब्रिटनमध्ये वेगळी सक्तीची नोंदणी नाही. परिचारिका किंवा श्रवणतज्ज्ञ आपापल्या व्यवसायाच्या नोंदणीखाली येतात, पण थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम करूनही कोणी फलक लावू शकतो. मुलांकडे लंडनला किंवा मँचेस्टरला राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांसाठी असा माणूस बोलावताना त्याचा मूळ व्यवसाय आणि नोंदणी विचारून घ्यावी.

पाण्यानं कान धुताना पाणी कोमटच का लागतं, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचा तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पिचकारीनं धुवायचा. काहींना गरगरायचं, आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत हलायचे. पाणी पुरेसं गरम नसलं की चक्कर येते, असं एका रुग्णानं त्याला सांगितलं. पुढच्या वेळी पाणी जास्त गरम झालं तेव्हाही रुग्णाला चक्कर आली, पण या खेपेला डोळे उलट्या दिशेनं हलत होते. बारानीला उलगडा झाला. थंड किंवा गरम पाण्यानं आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव हलतो, आणि आपण फिरतो आहोत असं मेंदूला वाटतं. यातून तोल तपासायची पद्धत जन्माला आली. १९१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला जाहीर झालं तेव्हा तो पहिल्या महायुद्धातला युद्धकैदी म्हणून रशियनांच्या ताब्यात होता. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीनं १९१६ मध्ये त्याची सुटका झाली. कान धुताना आलेल्या चकरेची दखल घेण्याइतकं रुग्णाचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आजही नियम तोच आहे : पाणी शरीराच्या तापमानाचं, ३७ अंशांच्या आसपास.

पण आपल्याकडे घरी कान साफ करायचा तर मी पाण्याच्या बाजूनं नाही, आणि त्याचं कारण आपल्या वृद्धांच्या लहानपणात आहे. ‘लहानपणी कान वाहायचा’ असं सांगणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात. त्यांतल्या अनेकांच्या पडद्याला पडलेलं छिद्र कधी बुजलेलंच नसतं. मळाआड ते दिसत नाही. पाणी मारलं की ते छिद्रातून मधल्या कानात जातं आणि कोरडा झालेला कान पुन्हा वाहू लागतो. दुसरं कारण मधुमेह. मधुमेही वृद्धाच्या कानात नळाचं पाणी साचून राहिलं आणि सूडोमोनास हा जंतू वाढला तर संसर्ग हाडापर्यंत, डोक्याच्या कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो. रात्री झोपू न देणारी असह्य वेदना हे त्याचं लक्षण. हा आजार जिवावर बेततो. म्हणून घरी येणाऱ्यानं कानाला हात लावण्याआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. कान कधी वाहायचा का, कानाचं ऑपरेशन झालं आहे का, साखर आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हाच एक ऐकू येणारा कान आहे का, आत्ता दुखतो आहे का. हे न विचारता जो पिशवी उघडतो त्याला चहा पाजून परत पाठवावं.

मग हे सगळं विचारणारा पुढे करतो काय? आधी दोन्ही कान दुर्बिणीतून पाहतो, फक्त बंद वाटणारा नाही. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर-मागे ओढली की वाकडी नळी सरळ होते. डोक्यावर प्रकाश आणि वस्तू मोठी दाखवणारं भिंग, किंवा बारीक एंडोस्कोप लागतोच, कारण नुसत्या टॉर्चच्या उजेडात खोली कळत नाही. सुटा, कोरडा तुकडा असेल तर बोथट टोकाचं कोरणं किंवा मगरीच्या जबड्यासारखा उघडणारा चिमटा पुरतो. चिकट किंवा खोल मळासाठी बारीक नळीचं सक्शन यंत्र. ते कानात मोठा खळखळाट करतं, त्याची आधी कल्पना द्यायला हवी, नाहीतर म्हातारा माणूस दचकतो आणि मान हलवतो. हवेच्या प्रवाहानं कान गार पडून थोडी चक्कर येऊ शकते. काहींना कानाला स्पर्श झाला की खोकला येतो, कारण नळीच्या भिंतीवर व्हेगस नसेची एक फांदी असते. क्वचित कोणाला भोवळही येते, म्हणून काम पाठ टेकवून बसवून किंवा आडवं झोपवून करायचं, स्टुलावर नाही.

कामाचा दर्जा शेवटी कळतो. मळ काढून झाल्यावर पडदा दिसला पाहिजे आणि तो कसा आहे हे सांगितलं पाहिजे. बशीत काढून दाखवलेला मळ हा पुरावा नव्हे. आणि दोनदा प्रयत्न करूनही निघत नसेल तर थांबून तज्ज्ञाकडे पाठवणं हे कौशल्याचंच लक्षण आहे. रुग्ण ‘दुखतं’ म्हणाला की हात थांबला पाहिजे. जे बोलू शकत नाहीत त्यांच्या चेहऱ्याकडे घरातल्या कोणीतरी सतत पाहत राहावं.

हे काम आपल्याकडे कोणी करावं? कान-नाक-घसा तज्ज्ञ पहिला. त्याच्या देखरेखीखाली शिकलेली परिचारिका किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला श्रवणतज्ज्ञ असेल तर साधा मळ त्याच्या हाती सोपवायला हरकत नसावी, मात्र गुंतागुंतीचा कान तज्ज्ञाकडेच जावा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या संस्थांतून १९८३ पासून श्रवणक्षेत्रातलं मनुष्यबळ तयार होतं आहे. वृद्धांच्या घरी जाऊन कान पाहणं हा त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग व्हावा असं मला मनापासून वाटतं. वृद्धाश्रमांत तर वर्षातून दोनदा सगळ्यांचे कान तपासले जावेत. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मरणशक्तीची तक्रार असलेल्या वृद्धांच्या कानातला साचलेला मळ काढल्यावर ऐकणं सुधारलं आणि आकलनाच्या चाचणीतले गुणही वाढले. प्रश्नच नीट ऐकू न आलेल्या माणसाला विसराळू ठरवणं किती सोपं आहे, हे त्यातून दिसतं.

बोलावण्याआधी घरी काय करता येईल? पडदा धड आहे याची खात्री असेल तर दोन-तीन दिवस मळ मऊ करणारे थेंब घालता येतात. औषधांच्या दुकानात त्यांचे अनेक प्रकार मिळतात. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेत १० चाचण्या आणि ६२३ लोकांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा कोणतेही एक थेंब दुसऱ्यापेक्षा चांगले आहेत असं ठामपणे म्हणता आलं नाही, साध्या पाण्यापेक्षा वा सलाइनपेक्षाही नाही. तेव्हा महागाच्या बाटलीमागे जाऊ नका. लसूण घालून कढवलेलं तेल मात्र कृपा करून कानात घालू नका. त्यानं भाजलेले कान डॉक्टरांना पाहावे लागतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत रोज कानात खोबरेल सोडण्याच्या सवयीनं बुरशीला आयतं घर मिळतं. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं, काळे ठिपके असलेलं काही कानात दिसलं तर ती बुरशी, मळ नव्हे.

कानात पेटवून लावायच्या मेणबत्त्यांचा प्रचार अधूनमधून होतो. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांची तपासणी झाली. मेणबत्तीनं कानात ओढ निर्माण होत नाही, मळ निघत नाही, उलट मेणच कानात सांडतं, असं दिसलं. फोनला जोडायच्या कॅमेऱ्याची कोरणीही आता स्वस्त मिळतात. त्यांत कानाचं चित्र झकास दिसतं, पण सपाट दिसतं. टोक पडद्यापासून किती दूर आहे हे त्यात कळत नाही. कॅमेरा वापरायचाच तर कोरणं काढून ठेवून, फक्त पाहण्यापुरता, आणि तोही कानाच्या तोंडाशी. लहान मुलानं कानात हरभरा किंवा शेंगदाणा घातला असेल तर पाणी अजिबात नको, दाणा फुगून घट्ट बसतो.

आईवडिलांसाठी श्रवणयंत्र घ्यायचं ठरवलं असेल तर पैसे भरण्याआधी त्यांचे दोन्ही कान दुर्बिणीतून तपासून घ्या. ते बाहेर पडू शकत नसतील तर तज्ज्ञाला घरी बोलवा. आणि काम संपवून तो निघताना त्याला एवढंच विचारा : पडदा दिसला का, आणि तो कसा आहे?